पायराइटमधली मुद्दामची आणि नकळतची भेसळ : कृत्रिम स्फटिकांचं डोपिंग, पायरीपायरीने

मी पहिल्यांदा पायराइटमध्ये कोबाल्ट घातलं तेव्हा हिशोब ०.१ टक्क्याचा होता. रासायनिक तपासणीचा कागद आला. त्यावर कोबाल्ट होतं, आणि त्याच्याबरोबर जवळजवळ तेवढंच निकेलही होतं. निकेलची बाटली मी उघडलीसुद्धा नव्हती. दोन दिवस डोकं खाजवल्यावर उलगडा झाला. लोखंड आणि गंधकाचं मिश्रण मी स्टेनलेस स्टीलच्या बॉल मिलमध्ये रात्रभर दळलं होतं. ३०४ जातीच्या स्टीलमध्ये सुमारे ८ टक्के निकेल आणि १८ टक्के क्रोमियम असतं. पायराइट काचेपेक्षा कठीण, त्यामुळे दळताना गोळ्यांचीच पूड होऊन मालात मिसळली. त्या खेपेला मी जे काही 'कोबाल्टचे परिणाम' म्हणून वहीत लिहिलं होतं, ते सगळं खोडावं लागलं.

दुधाला विरजण लावताना आपण चमचाभरच लावतो, पण भांड्याच्या कडेला आधीचं काही चिकटलेलं असेल तर दही त्याच्याच चवीचं होतं. डोपिंगचं, म्हणजे स्फटिकात मुद्दाम थोडे परके अणू (डोपंट) मिसळण्याचं, तसंच आहे. म्हणून या लेखात काय घालायचं याआधी काय आपोआप शिरतं, यावर मी जास्त वेळ घालवणार आहे. एमएस्सी-पीएचडीच्या प्रयोगशाळेत फ्यूम हूड, भट्टी आणि अनुभवी मार्गदर्शक असलेल्यांसाठी हे लिहितो आहे. घरच्या गॅसवर किंवा गच्चीवर करून बघण्याचा हा प्रकार नव्हे. त्याची कारणं पुढे येतीलच.

एवढी खटपट कशासाठी?

पायराइट म्हणजे आयर्न डायसल्फाइड. लोखंड आणि गंधक, दोन्ही मुबलक आणि स्वस्त. बँड गॅप (इलेक्ट्रॉनला मोकळं करायला लागणारी किमान ऊर्जा) सुमारे ०.९५ इलेक्ट्रॉन व्होल्ट, आणि प्रकाश शोषून घेण्याची ताकद अशी की सिलिकॉनला जिथे शंभराहून अधिक मायक्रॉनची जाडी लागते, तिथे याला मायक्रॉनचा अंशही पुरतो. १९८०च्या दशकात बर्लिनच्या हान-माइटनर संस्थेत हेल्मुट ट्रिबुच, अहमद एन्नावी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर सौरघट बनवले. विद्युतप्रवाह उत्तम मिळाला, पण व्होल्टेज ०.२ व्होल्टच्या वर जाईना, आणि कार्यक्षमता २.८ टक्क्यांवर अडकली. पुढची तीसेक वर्षं 'हे व्होल्टेज जातं कुठे' या एका प्रश्नात गेली. उत्तराचा मोठा भाग अशुद्धी, गंधकाच्या रिकाम्या जागा आणि स्फटिकाचा पृष्ठभाग यांच्यात दडलेला आहे.

पायरी १ : कोण कुणाच्या जागी बसतं ते कागदावर मांडा

पायराइटची घडण घनाकृती आहे, पुन्हा पुन्हा येणाऱ्या सर्वांत लहान घराची बाजू ५.४१८ अँगस्ट्रॉम. गंधकाचे अणू एकेकटे नसतात, जोडीजोडीने राहतात, आणि प्रत्येक जोडीवर दोन ऋण भार असतात. लोखंड दोन धन भारांचं, आणि त्याचे सहाही डी-इलेक्ट्रॉन आपापसांत जोड्या लावून बसलेले. म्हणून शुद्ध पायराइट लोहचुंबकाला दाद देत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तपासणीत कामाला येईल.

आता पाहुणे. कोबाल्ट लोखंडाच्या जागी बसतं आणि एक जादा इलेक्ट्रॉन घेऊन येतं. तो इलेक्ट्रॉन फार घट्ट बांधलेला नसतो, त्यामुळे खोलीच्या तापमानालाच मोकळा होतो आणि स्फटिक चांगला वाहक, एन-प्रकारचा (इलेक्ट्रॉनांनी वीज वाहणारा) बनतो. शिवाय कोबाल्ट डायसल्फाइडची घडणही नेमकी पायराइटचीच (बाजू ५.५३८ अँगस्ट्रॉम), म्हणून हे दोघं हव्या त्या प्रमाणात एकमेकांत मिसळतात. नवशिक्याने सुरुवात करावी ती कोबाल्टनेच.

निकेल दोन जादा इलेक्ट्रॉन आणतं. म्हणजे दुप्पट परिणाम, असं वाटेल. तसं होत नाही. निकेलचे इलेक्ट्रॉन खोल पातळीत अडकून राहतात, त्यामुळे तेवढ्याच निकेलने वाहकता कोबाल्टपेक्षा पुष्कळ कमी वाढते. (निकेल डायसल्फाइड स्वतःच मुळी विद्युतरोधक आहे, तर कोबाल्ट डायसल्फाइड धातूसारखं वाहतं. स्वभावातला हा फरक थोड्या प्रमाणातही दिसतो.) मँगनीज लोखंडाच्या जागी नीट मावत नाही. मँगनीज डायसल्फाइडची बाजू ६.१ अँगस्ट्रॉम, म्हणजे माप फारच मोठं, म्हणून बहुतेक वेळा ते वेगळं पडतं. तांबं आणि जस्त यांची पायराइट घडणीची संयुगं बनवायला प्रचंड दाब लागतो, यावरून ती इथे किती खुशीने बसतील याचा अंदाज करा.

आर्सेनिकचा मामला वेगळा. ते गंधकाच्या जागी बसतं आणि त्याच्याकडे गंधकापेक्षा एक इलेक्ट्रॉन कमी असतो, म्हणून पी-प्रकार (इलेक्ट्रॉनच्या उणिवांनी वीज वाहणारा). निसर्गातल्या आर्सेनिकयुक्त पायराइटचे तुकडे याच कारणाने पी-प्रकारचे निघतात, आणि कोबाल्ट-निकेलवाले एन-प्रकारचे. अमेरिकेतल्या नेवाडाच्या कार्लिन पट्ट्यात डोळ्यांना न दिसणारं सोनं असतं, तेही अशाच आर्सेनिकवाल्या पायराइटमध्ये.

आणि शेवटचा, ज्याला कुणी बोलावत नाही असा डोपंट म्हणजे गंधकाची रिकामी जागा. गंधकाचा एक अणू निसटला की मागे इलेक्ट्रॉन उरतात. मिनेसोटा विद्यापीठातल्या ख्रिस लेटन आणि एरे आयदिल यांच्या गटाने २०१९च्या सुमारास मोजमापांतून दाखवलं की 'काहीही न घातलेले' स्फटिकही एन-प्रकारचे निघतात ते या रिकाम्या जागांमुळे, आणि त्यांची पातळी इलेक्ट्रॉन मोकळे फिरतात त्या बँडच्या काठापासून सुमारे ०.२२ इलेक्ट्रॉन व्होल्ट आत असते.

पायरी २ : टक्क्यांची सवय सोडा, अणू मोजा

रसायनशास्त्रात ९९.९ टक्के शुद्ध म्हणजे उत्तम माल. अर्धवाहकात तो कचरा ठरतो. पायराइटच्या एका घरात लोखंडाचे चार अणू असतात. त्यावरून एका घन सेंटिमीटरात लोखंडाचे अणू किती? २५ वर २१ शून्यं. आता दहा लाखांत एक, म्हणजे १ पीपीएम कोबाल्ट घाला : २५ वर १५ शून्यं इतके दाते (इलेक्ट्रॉन देणारे अणू) तयार झाले. डोपिंग न केलेल्या चांगल्या स्फटिकात खोलीच्या तापमानाला मोकळे इलेक्ट्रॉन याच्या आसपास किंवा याहून कमी असतात. म्हणजे १ पीपीएम कोबाल्टही लपून राहत नाही.

आता तुमच्या कपाटातली फेरस सल्फेटची बाटली काढा. लेबलवर मँगनीज, तांबं, जस्त यांच्या कमाल मर्यादा छापलेल्या असतात. समजा मँगनीज ०.०५ टक्क्यापर्यंत असं लिहिलं आहे. या मिठात लोखंड वजनाने फक्त २० टक्के, त्यामुळे लोखंडाच्या तुलनेत मोजलं तर मँगनीज होतं अणूंच्या हिशोबाने ०.२५ टक्के. तुम्ही घालणार असलेल्या ०.१ टक्का कोबाल्टच्या अडीचपट! मँगनीज सगळं आत शिरत नाही हे खरं, पण शिरत नाही ते कडेला साचतं, आणि मग कणांमधली वाहकता बिघडवतं.

पायरी ३ : चोरवाटा बंद करा

ही पायरी कंटाळवाणी आहे आणि बहुतेक जण इथेच घाई करतात.

दळण स्टीलमध्ये नको. अगेटचा खल वापरा, आणि तोही पायराइटसाठी वेगळा ठेवा. चमचा प्लास्टिकचा किंवा टेफ्लॉनचा.

ऑटोक्लेव्हचं (दाबाखाली पाणी तापवायच्या स्टीलच्या बंद भांड्याचं) टेफ्लॉन लाइनर, म्हणजे आतलं भांडं, दिसायला पांढरंशुभ्र असलं तरी त्याची स्मरणशक्ती दांडगी असते. आधीच्या विद्यार्थ्याने निकेल ऑक्साइड बनवलं असेल तर निकेल त्याच्या छिद्रांत बसलेलं असतं. पातळ नायट्रिक आम्ल भरून एकदा रिकामं भट्टीत लावा, मग नुसतं पाणी भरून पुन्हा एकदा. झाकण नीट बसत नसेल, काठाला चीर असेल, तर ते लाइनर फेकून द्या. वाफ बाहेर झिरपते, स्टीलच्या कवचाला खाते, आणि थंड होताना तेच पाणी निकेल-क्रोमियम घेऊन आत परततं.

क्वार्ट्झच्या नळीच्या भिंतीवर पाण्याचा पातळ थर असतोच. नळी रिकामी असताना पंपावर लावून ८०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापवली नाही, तर त्या पाण्यातला ऑक्सिजन स्फटिकात किंवा त्याच्या पृष्ठभागावर जाऊन बसतो.

वाफेवर स्फटिक वाढवताना माल वाफेतून वाहून नेण्यासाठी जो हॅलोजन वाहक म्हणून घालतो, ब्रोमीन किंवा क्लोरीन, तोही थोडाफार आत राहतो. हा टाळता येत नाही. करता येतं एवढंच, की संपूर्ण मालिकेत वाहक एकच ठेवायचा आणि त्याचं प्रमाणही तेच ठेवायचं. म्हणजे निदान चूक सगळीकडे सारखी राहील.

आणि हे सर्व झाल्यावर पहिली खेप नेहमी काहीही न घालता काढायची. कोरी खेप. तिची सगळी मोजमापं झाल्याशिवाय डोपंटची बाटली उघडायची नाही. गाइड घाई करतील, परिषदेची तारीख जवळ आलेली असेल, तरीही.

पायरी ४ : पद्धत निवडा

दोन मार्ग. पाण्यातला, म्हणजे हायड्रोथर्मल : एका दिवसात गुंजभर नव्हे, चांगली ग्रॅमभर पूड मिळते, पण कण बारीक. घडण, चुंबकत्व, उत्प्रेरण, बॅटरी यांसाठी पुरेसं. विद्युत गुणधर्म मोजायचे असतील तर मात्र पुडीच्या गोळीवर विसंबू नका. कणाकणांमधल्या फटी आणि गंजाचे थरच तुम्ही मोजत बसाल. त्यासाठी दुसरा मार्ग, बंद नळीतला वाफेचा प्रवास : दोन-तीन आठवडे लागतात, पण काही मिलिमीटरचे आरशासारखे स्फटिक हातात येतात.

दुर्दैवाने वितळवून थंड करण्याचा सोपा रस्ता इथे नाही. ७४० अंशांच्या थोडं पुढे गेलं की पायराइट वितळण्याआधीच मोडतं. गंधक उडून जातं आणि मागे पायरोटाइट (कमी गंधकाचं आयर्न सल्फाइड) राहतं.

पायरी ५ : पाण्यातली कृती

हिशोब सोपा राहावा म्हणून सगळं १० मिलिमोलवर. फेरस सल्फेट हेप्टाहायड्रेट २.७८ ग्रॅम, सोडियम थायोसल्फेट पेंटाहायड्रेट २.४८ ग्रॅम, गंधक ०.३२ ग्रॅम. फेरस सल्फेटचे खडे फिकट हिरवेच हवेत. तपकिरी साय आलेले खडे निवडून बाजूला काढा, त्यांचं ऑक्सिडीकरण झालेलं असतं.

१०० मिलिलिटरचं लाइनर असेल तर पाणी ७० मिलिलिटर, त्याहून जास्त नको. आधी ते पाणी उकळून, किंवा वीस मिनिटं नायट्रोजन सोडून, त्यातला ऑक्सिजन काढून टाका. त्यात फेरस सल्फेट आणि डोपंटचं द्रावण एकत्र विरघळवा, मग थायोसल्फेट, शेवटी गंधकाची पूड. गंधक पाण्यावर तरंगतं आणि भिजायला नकार देतं. एथनॉलचे चार-पाच थेंब टाकले की मुकाट खाली बसतं.

डोपंट कधीही कोरडा वजन करून घालू नका. १ टक्का कोबाल्टसाठी लागतं २८ मिलिग्रॅम कोबाल्ट सल्फेट हेप्टाहायड्रेट. इतकं कसंबसं तोलता येईल, पण ०.१ टक्क्यासाठी ३ मिलिग्रॅमही नाही. त्याऐवजी २.८१ ग्रॅम १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून ठेवा. या द्रावणाचा १ मिलिलिटर म्हणजे बरोबर १ टक्का. दहापट पातळ केलं की तोच १ मिलिलिटर म्हणजे ०.१ टक्का. आणि जेवढा डोपंट घातला तेवढं लोखंड कमी करायला विसरू नका.

२०० अंशांवर २४ तास. भट्टी बंद केल्यावर ऑटोक्लेव्ह आपोआप थंड होऊ द्या, नळाखाली धरू नका. उघडायचं ते फ्यूम हूडमध्येच. आत हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू असतो. सडक्या अंड्यांचा वास येतोय तोवर निदान तो आहे हे कळतं. प्रमाण १०० पीपीएमच्या घरात गेलं की नाक बधिर होतं आणि वास येणं थांबतं. 'वास गेला, चला आता सुरक्षित' असं समजणं इथे जिवावर बेतू शकतं.

पूड काळसर दिसेल. सोनेरी चमक मोठ्या स्फटिकांनाच असते, निराश होऊ नका. आधी पाण्याने, मग एथनॉलने धुवा. उरलेलं गंधक काढायला पुस्तकांत कार्बन डायसल्फाइड सांगतात. ते विषारी तर आहेच, शिवाय ९० अंशांच्या आसपासच्या नुसत्या गरम पृष्ठभागावरही आपोआप पेट घेतं. मी ते बंद केलं. निर्वातात हलकं तापवून गंधक उडवणं मला अधिक मानवतं. साधं आयर्न सल्फाइड राहिलं असेल तर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात ते विरघळतं आणि पायराइट शाबूत राहतं. पण त्यातूनही पुन्हा हायड्रोजन सल्फाइडच निघतो, तेव्हा हूड सोडू नका. शेवटी निर्वातात ६० अंशांवर वाळवा. ओली पूड उघड्यावर ठेवली तर सकाळपर्यंत गंजायला लागते.

या कृतीत एक खोच आहे. अभिक्रियेतून गंधकाम्ल तयार होतं, म्हणजे पाणी जसजसं मुरतं तसतसं आम्लधर्मी होत जातं. आणि आम्लात पायराइटऐवजी त्याचं सावत्र भावंड मार्कासाइट जन्माला येतं. अणू तेच, रचना वेगळी. डोपंट बदलल्यावर गुणधर्म बदलले असं वाटतं, आणि प्रत्यक्षात वाढलेलं असतं मार्कासाइट. म्हणून प्रत्येक खेपेनंतर पाण्याचा पीएच मोजून वहीत लिहा.

पायरी ६ : बंद नळीतली कृती

नळी आतून १५ मिलिमीटर व्यासाची, लांबी १८ सेंटिमीटर, म्हणजे पोकळी साधारण ३० मिलिलिटर. एका टोकाला २ ग्रॅम पायराइटची पूड, दर मिलिलिटरमागे काही मिलिग्रॅम आयर्न ब्रोमाइड, आणि ३० मिलिग्रॅम जादा गंधक. आयर्न ब्रोमाइड हवेतलं पाणी ओढतं, तेव्हा ते ग्लोव्ह बॉक्समध्येच तोला.

गंधकाचं वजन दोनदा तपासा. ३० मिलिग्रॅम गंधकाचा ६७० अंशांवर दाब होतो सुमारे १.२ वातावरण. दशांश चिन्ह चुकून ३०० मिलिग्रॅम पडलं तर तोच दाब १२ वातावरण, आणि ती नळी म्हणजे भट्टीत ठेवलेला सुतळी बॉम्ब. भट्टीभोवती जाड आडोसा आणि चेहऱ्यावर ढाल, दोन्ही असल्याशिवाय बटण दाबू नका.

इथे ०.१ टक्का कोबाल्ट म्हणजे एक मिलिग्रॅमही धातू नाही. त्यावर माझा उपाय असा : पायरी ५ने १ टक्केवाली पूड बनवून ठेवायची, आणि तिची २०० मिलिग्रॅम कोऱ्या पायराइटच्या १.८ ग्रॅममध्ये घोटून मिसळायची. विरजणाचंच तत्त्व.

नळी ओढून बंद करताना माल असलेलं टोक ओल्या फडक्यात गुंडाळा, नाहीतर गंधक पंपात जातं आणि पंप सांभाळणारे काका महिनाभर बोलत नाहीत. मग दोन कप्प्यांच्या भट्टीत आधी दोन दिवस उलटा उतार द्या : रिकामं टोक गरम, मालाचं थंड. त्याने वाढीच्या जागेवरचे भटके कण साफ होतात. त्यानंतर मालाचं टोक ६७० अंश, रिकामं टोक ५९० अंश, आणि दोन ते तीन आठवडे हात लावायचा नाही. वीज टिकण्याचा भरवसा नसेल तर भट्टीला बॅकअप लावा. वाढीत खंड पडला तर स्फटिकात थर पडतात आणि प्रत्येक थरात डोपंट वेगळा.

थंड करताना मालाचं टोक आधी गार होऊ द्या, म्हणजे उरलेलं गंधक आणि ब्रोमाइड तिकडे जाऊन बसतं, तुमच्या स्फटिकांवर नाही.

आर्सेनिकबद्दल. ते ६१५ अंशांच्या आसपास सरळ वाफ होतं, म्हणजे या नळीत पूर्ण वायुरूपात असेल आणि दाबात भर घालेल. नळी फुटली तर खोलीत काय पसरेल याचा विचार करा. आर्सेनिकची सवय असलेली, त्यासाठी वेगळी भट्टी राखलेली प्रयोगशाळा असेल तरच या वाटेला जा. नाहीतर कोबाल्ट-निकेलवर समाधान माना.

पायरी ७ : खरंच काय बनलं?

आधी एक फुकटची चाचणी. निओडिमियमचा जोरदार चुंबक पुडीजवळ न्या. पूड ओढली गेली तर आत चुंबकीय पायरोटाइट आहे, गंधक कमी पडलं. चुंबकाला काही चिकटलं नाही म्हणजे पायरोटाइट अजिबात नाही असं नव्हे, पण चिकटलं तर खेप तिथेच बाद.

मग एक्सआरडी, म्हणजे क्ष-किरणांनी घडण तपासणं. तांब्याच्या किरणांवर पायराइटच्या ठळक रेषा २८.५, ३३.१, ३७.१, ४०.८, ४७.४ आणि ५६.३ अंशांवर येतात. मार्कासाइट पकडायचं ते २५.९ आणि ५२ च्या आसपास, कारण त्याची ३३ जवळची रेषा पायराइटच्या रेषेखाली लपते. शंका असेल तर रामन (लेसरच्या विखुरलेल्या प्रकाशावरून घडण ओळखणं) करा. पायराइट ३४३ आणि ३७९ सेंमी⁻¹ ला बोलतं, मार्कासाइट ३२३ ला.

डोपंट आत शिरला की घर थोडं मोठं होतं, हे तत्त्व सगळ्यांना ठाऊक असतं. पण किती मोठं? १ टक्का कोबाल्टने बाजू वाढते ०.००१२ अँगस्ट्रॉम, आणि ५६.३ अंशांवरची रेषा सरकते जेमतेम ०.०१४ अंश. नमुना साच्यात केसभर वर बसला तरी याहून जास्त सरकते. म्हणून मानक पूड मिसळावीच लागते. इथे एक सापळा आहे, त्यात मीही सापडलो होतो. प्रयोगशाळेत नेहमी हाताशी असतं ते सिलिकॉन. त्याची बाजू ५.४३१ अँगस्ट्रॉम, पायराइटच्या जवळजवळ तेवढीच. म्हणजे २८.४, ४७.३, ५६.१ या त्याच्या रेषा नेमक्या पायराइटच्या रेषांवर येऊन बसतात. पायराइटसाठी लँथॅनम हेक्साबोराइड किंवा कोरंडम वापरा.

रासायनिक मोजणीतही असेच चकवे आहेत. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या ईडीएसवर (क्ष-किरणांवरून मूलद्रव्य ओळखणाऱ्या उपकरणावर) कोबाल्टची मुख्य रेषा ६.९३ किलो इलेक्ट्रॉन व्होल्टला आणि लोखंडाची दुय्यम रेषा ७.०६ ला. उपकरणाला हा फरक सुटा करता येत नाही. एक टक्का कोबाल्टचे 'सुंदर नकाशे' म्हणून जे छापले जातात, त्यातले कित्येक लोखंडाचेच असावेत असा मला दाट संशय आहे. गंधक-लोखंडाचं गुणोत्तर १.९८ आलं म्हणून गंधकाच्या रिकाम्या जागा सिद्ध झाल्या, असं लिहिणारेही भेटतात. त्या उपकरणाची चूकच टक्क्यांत असते, रिकाम्या जागा त्याच्या कितीतरी खाली.

आयसीपी-एमएस, म्हणजे नमुन्याचे आयन करून ते वस्तुमानावरून मोजणं, हा भरवशाचा मार्ग. नमुना नुसत्या नायट्रिक आम्लात विरघळवा. हायड्रोक्लोरिक घातलं तर त्यातलं क्लोरीन उपकरणातल्या आर्गॉनशी जुळून ७५ वस्तुमानाचा आयन बनवतं, आणि आर्सेनिकचंही वस्तुमान ७५च. नसलेलं आर्सेनिक मग अहवालात उगवतं. निकेल ५८ वर मोजू नका, लोखंडाचाही एक समस्थानिक ५८चा आहे. ६० वर मोजा. आणि वाफेवर वाढवलेल्या एकाच नळीतले तीन-चार स्फटिक वेगवेगळे तपासा. आधी वाढलेला आणि शेवटी वाढलेला यांत डोपंट सारखा नसतो. अहवालात 'घातलेलं' आणि 'सापडलेलं' असे दोन रकाने ठेवा.

स्फटिकाच्या आकारावरून मात्र डोपंट ओळखायला जाऊ नका. घन, अष्टफलक, की पंचकोनी बाजूंचा पायरिटोहेड्रॉन, हे तापमान आणि वाफ किंवा द्रावण किती अतिसंपृक्त होतं यावर आधी ठरतं. माझ्या कोऱ्या नळ्यांतही तिन्ही आकार निघालेत.

पायरी ८ : विजेची भाषा

पहिली ओळख गरम टोकाने. मल्टिमीटर मिलिव्होल्टवर लावा, लाल टोकाला सोल्डरिंग गनने ऊब द्या, दोन्ही टोकं स्फटिकावर ठेवा. आकडा धन आला तर एन-प्रकार, ऋण आला तर पी. आधी एखाद्या माहितीतल्या सिलिकॉनच्या तुकड्यावर मीटर पारखून घ्या. नैसर्गिक पायराइटच्या खड्यावरही हे करून बघा, एकाच खड्यावर दोन जागी दोन चिन्हं मिळाली तर दचकू नका.

पुढे इंडियम या मऊ धातूचे चार ठिपके दाबून हॉल मापन (चुंबकीय क्षेत्रात वीजवाहकांची संख्या आणि प्रकार मोजणं), आणि जमेल तितकं खाली, निदान द्रव नायट्रोजनच्या ७७ केल्विनपर्यंत, रोध मोजत जाणं. रोधाचा लॉगरिदम तापमानाच्या व्यस्तासमोर मांडा. कोऱ्या स्फटिकाची रेष चढी निघते, उतारावरून ०.२ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपासची ऊर्जा मिळते : या गंधकाच्या रिकाम्या जागा. कोबाल्टवाल्याची रेष जवळजवळ आडवी. निकेलवाली मधे कुठेतरी.

पण कोरा स्फटिक खूप थंड केला की चढणारी रेष अचानक सपाट होते. आत कोबाल्ट शिरलं की काय? नाही. पोटातले इलेक्ट्रॉन गोठलेले असतात, आणि वीज आता कातडीवरून वाहत असते. पायराइटच्या पृष्ठभागावर काही नॅनोमीटर जाडीचा पी-प्रकारचा थर आपोआप तयार होतो, पोट एन-प्रकारचं असलं तरी. बर्लिनच्या सौरघटांचं व्होल्टेज कुठे हरवलं, याच्या आजच्या उत्तरांपैकी सर्वांत पटणारं उत्तर या कातडीत आहे. पातळ थरांचे नमुने पूर्वी सरसकट पी-प्रकारचे का दिसायचे, याचंही निम्मं कारण हेच. उरलेलं निम्मं असं, की रोध जास्त असलेल्या थरात इलेक्ट्रॉन उड्या मारत जातात आणि तेव्हा हॉलचं चिन्ह खोटं बोलू शकतं.

म्हणून आर्सेनिक घातल्यावर पी-प्रकार दिसला, तर लगेच पेढे वाटू नका. स्फटिक घासून पातळ करा आणि पुन्हा मोजा. जाडी निम्मी झाल्यावर पोटातून वाहणाऱ्या विजेचा रोध दुप्पट व्हायला हवा. रोध फारसा हललाच नाही, तर तुम्ही अजून कातडीच मोजत आहात.

रिकाम्या जागा कमी करायच्या असतील तर वाढलेले स्फटिक थोड्या गंधकाबरोबर पुन्हा बंद नळीत, ५०० अंशांवर काही दिवस ठेवा आणि सावकाश थंड करा. कोऱ्या स्फटिकात इलेक्ट्रॉन घटलेले दिसले पाहिजेत. कोबाल्टवाल्यात काही फरक पडणार नाही. तिथले इलेक्ट्रॉन रिकाम्या जागांनी दिलेलेच नव्हते. हीच चाचणी उलटी वापरून मी अनोळखी नमुन्यातली भेसळ ओळखतो : गंधकात शेकून वाहकता घटली तर दोष गंधकाचा, नाही घटली तर कुठला तरी धातू आत बसलेला आहे.

पायरी ९ : ठेवणार कसं?

भेसळीचं पायराइट शुद्धापेक्षा लवकर गंजतं. कृत्रिम स्फटिकांवरच्या विद्युतरासायनिक प्रयोगांत हे दिसलं आहे, आणि त्यातही आर्सेनिकवाले सर्वांत चपळ. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या पुढे गेली की पृष्ठभागावर फेरस सल्फेटची पांढरट-हिरवट बुरशीसारखी पूड धरते, आणि तिच्यातून सुटणारं गंधकाम्ल खालचा कागद, लेबल, प्रसंगी डबीसुद्धा खातं. कोकणात किंवा मुंबईत जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवा याच्या खाली क्वचितच येते. तेव्हा सिलिका जेल घातलेला डेसिकेटर, शक्य असेल तर आत आर्गॉन, आणि दर पंधरा दिवसांनी जेल भाजून कोरडं करणं. नमुन्याचं नाव घासून खरखरीत केलेल्या काचेच्या तुकड्यावर पेन्सिलीने लिहून डबीच्या आत ठेवा. कागदी लेबलं लावलेल्या माझ्या पहिल्या बारा नमुन्यांपैकी पाच आता नुसते 'पायराइट' आहेत. त्यात काय घातलं होतं ते कागदाबरोबर गेलं.